पस्तीस मीटर, सहा वेळा: पोरांचा दम मोजण्याचा शंभर वर्षांचा इतिहास

आजचा एपिसोड फुटसालवर आहे, म्हणजे हॉलमध्ये पाच-पाच जण खेळतात त्या फुटबॉलवर. पण आज गोल आणि पासिंग थोडं बाजूला ठेवू. आजचा विषय आहे मोजमाप. पोरगं जोरात पळालं, थांबलं, वळलं, परत जोरात पळालं. हे असं परत-परत जोरात पळण्याची ताकद मोजायची कशी? आणि मोजायला सुरुवात कोणी केली, कशासाठी केली?

परभणीत बसून हा प्रश्न का विचारायचा, असं वाटेल. तर बघा, आपल्याकडे पोरांची निवड कशी होते? एक शिट्टी, एक स्टॉपवॉच आणि एक वही. ज्याचा आकडा बरा, तो संघात. ज्याचा नाही, तो घरी. तो आकडा कुठून आला, तो नक्की काय सांगतो, हे कोणी विचारत नाही. मी दिवसभर सॉफ्टवेअरमध्ये आकडेच बघतो, म्हणून मला ही सवय लागली आहे की आकडा दिसला की आधी विचारायचं: हा कशासाठी बनवला होता? आज तेच करू. आणि शेवटी मराठवाड्यातल्या १ जूनचा या सगळ्याशी काय संबंध आहे, तेही सांगतो. जाऊ नका कुठे.

आधी खेळ कुठून आला

१९३० साल. उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ. याच शहरात त्या वर्षी फुटबॉलचा पहिला वर्ल्ड कप झाला आणि उरुग्वेनेच तो जिंकला. त्याआधी १९२४ आणि १९२८ ची ऑलिंपिक सुवर्णपदकंही त्यांचीच. शहरातलं प्रत्येक पोर बॉलमागे. पण पाऊस पडला की मैदान बंद, आणि तालमीचा हॉल बास्केटबॉलसाठी बनवलेला. वायएमसीएमध्ये हुआन कार्लोस सेरियानी नावाचे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. त्यांनी सरळ जुगाड केला. खेळाडू पाच, बास्केटबॉलसारखे. कोर्ट आणि गोल हँडबॉलच्या मापाचे. गोलकीपरचे नियम वॉटर पोलोवरून. बाकी आत्मा फुटबॉलचा. स्पॅनिशमध्ये नाव पडलं 'फुत्बोल दे सालोन', आणि त्याचंच पुढे झालं फुटसाल.

फिफाने पहिला फुटसाल वर्ल्ड कप १९८९ मध्ये नेदरलँड्समध्ये घेतला, तो ब्राझीलने जिंकला. आपल्याकडे २०१६ मध्ये प्रीमियर फुटसाल आली, रोनाल्डिन्यो गोव्याच्या संघाकडून खेळून गेला. २०२१ मध्ये दिल्लीत क्लबांची पहिली राष्ट्रीय फुटसाल स्पर्धा झाली. म्हणजे आपल्यासाठी हा खेळ तसा कोवळाच.

खेळाचं माप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कोर्ट साधारण ४० बाय २० मीटर. बॉल चार नंबरचा, कमी उसळणारा. वीस-वीस मिनिटांचे दोन भाग, आणि बॉल बाहेर गेला की घड्याळ थांबतं. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. एवढ्याशा जागेत कोणी लांब पळत नाही. चार-पाच पावलं जीव तोडून, ब्रेक, वळण, परत जीव तोडून. आपल्या खो-खोत पाठलाग करणाऱ्याचं होतं ना, तसंच काहीसं. खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात बसवले गेले. म्हणजे छोट्या जागेत, वळणं घेत, क्षणात वेग पकडायचा खेळ आपल्या मातीला नवा नाही. तो दम मोजायची पद्धत मात्र बाहेरून आली.

लाईट गेल्यावर काय होतं

दहावीच्या विज्ञानात 'विनॉक्सीश्वसन' वाचलेलं आठवतंय का? ऑक्सिजनशिवाय ऊर्जा काढायची ती रीत. जिममध्ये तिलाच अ‍ॅनेरोबिक म्हणतात.

लोडशेडिंगच्या भाषेत सांगतो. महावितरणची लाईट म्हणजे ऑक्सिजनवर चालणारी ऊर्जा. तासन्‌तास चालेल, पण अचानक जास्त लोड मागितला की लगेच मिळत नाही. इन्व्हर्टर म्हणजे स्नायूत साठवलेलं फॉस्फोक्रिएटिन. बटण दाबलं की हजर, पण जोरात पळालात तर दहाएक सेकंदांत बॅटरी उतरायला लागते. आणि मधला जनरेटर म्हणजे साखरेचं ऑक्सिजनशिवाय होणारं विघटन. ते पटकन पेटतं, पण त्यात लॅक्टेट तयार होतं, पाय जड पडतात. फुटसालच्या प्रत्येक धावेत इन्व्हर्टर आणि जनरेटर चालतात, आणि मधल्या काही सेकंदांत महावितरण बॅटरी परत चार्ज करतं. म्हणून हे तिन्ही वेगळे मोजणं अवघड आहे. ते एकदमच चालू असतात.

हे कळायला वेळ लागला. इंग्लंडचे ए. व्ही. हिल आणि जर्मनीचे ऑटो मेयरहॉफ यांना स्नायूंवरच्या कामासाठी १९२२ चं नोबेल मिळालं. हिल तर स्वतःच्याच प्रयोगात स्वतः धावायचे. पळणं संपल्यावरही माणूस धापा टाकत जास्तीचा ऑक्सिजन घेत राहतो, याला त्यांनी 'ऑक्सिजनचं कर्ज' म्हटलं. शब्द किती सोपा बघा, उधारी घेतली की फेडावी लागते. तेव्हा समज असा होता की स्नायू आकसतो तो लॅक्टिक अ‍ॅसिडमुळेच. मग १९३० मध्ये डेन्मार्कच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी दाखवलं की बेडकाच्या स्नायूत लॅक्टिक अ‍ॅसिड तयारच होऊ दिलं नाही, तरी तो काही काळ आकसतोच. म्हणजे आणखी एक साठा आहे. इन्व्हर्टर सापडला तो असा.

उडी, जिना आणि सायकल

आता मोजमापाकडे. १९२१ मध्ये हार्वर्डच्या डडली सार्जंट यांनी अगदी साधी चाचणी मांडली. जागेवर उभं राहा आणि वर उडी मारा. किती वर गेलात तेवढी ताकद. आजही भिंतीला खडू लावून ही चाचणी शाळेत होते. पण उडी एका सेकंदाच्या आत संपते. ती एका झटक्याची ताकद दाखवते, परत-परतची नाही.

१९६६ मध्ये इटलीतल्या मिलानचे रोडोल्फो मार्गारिया यांनी लोकांना जिन्यावर पळवलं. ठरावीक पायऱ्या जास्तीत जास्त वेगात चढायच्या, वेळ मोजायची, वजन माहीत असतंच. किती वजन, किती उंच, किती वेळात, झाली पॉवर. पण इथेही खेळ काही सेकंदांचाच.

याच काळात जगभर दुसऱ्याच चाचणीची हवा होती. १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी बारा मिनिटांची धाव आणली. बारा मिनिटांत किती अंतर कापलं, त्यावरून फुफ्फुसांची आणि हृदयाची क्षमता. सैनिकांसाठी उत्तम. पण लोकांनी फिटनेस म्हणजे एवढंच असं धरलं. जो लांब पळतो तो फिट. ज्याचा खेळच पाच सेकंदांचा आहे, त्याच्यासाठी चाचणी कुठे होती?

ती आली १९७४ मध्ये, इस्रायलमधल्या विंगेट इन्स्टिट्यूटमधून. आयालोन, इनबार आणि बार-ओर या तिघांनी मांडलेली विंगेट चाचणी. सायकलवर बसायचं, वजनाच्या हिशोबाने ब्रेक लावायचा, आणि तीस सेकंद जीव तोडून पेडल मारायचं. सगळ्यात चांगल्या पाच सेकंदांची ताकद म्हणजे पीक पॉवर. तीस सेकंदांची सरासरी दुसरा आकडा. आणि शेवटपर्यंत ताकद किती घसरली, तो थकव्याचा आकडा. ऐकायला तीस सेकंद काहीच वाटत नाहीत. करून बघणाऱ्यातल्या काहींना उतरल्यावर उलटीसारखं होतं.

बाय द वे, ज्यांच्या नावाने ही संस्था आहे ते ब्रिटिश सेनाधिकारी ऑर्ड विंगेट जन्मले आपल्या नैनितालला, १९०३ मध्ये, आणि १९४४ मध्ये विमान अपघातात गेले तेही मणिपूरच्या डोंगरात. नावाचा प्रवास असाही असतो.

पण महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्या तिघांपैकी ओडेड बार-ओर मुलांच्या व्यायामविज्ञानातले डॉक्टर. चाचणी बनवताना डोक्यात होतं की ती साधी हवी, स्वस्त हवी, सुई टोचायला लागू नये, आणि लहान मुलांना व दिव्यांगांनाही करता यावी. पाय चालत नसतील तर तीच चाचणी हातांनी पेडल फिरवून करता येते. म्हणजे आज ज्या चाचणीला मोठे खेळाडू घाबरतात, ती बनवताना लहान मुलाचाही विचार केला होता. एखाद्या मुलाचं शरीर काय करू शकतं हे समजून घ्यायचं, हा त्यामागचा हेतू. यादीतून नाव कापण्यासाठी ती जन्माला आली नव्हती.

सायकल नाही? मग पळा

विंगेटची सायकल महाग. परभणीतच काय, बऱ्याच मोठ्या शहरांतल्या क्लबांतही ती नसते. १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या वोल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठात ड्रेपर आणि व्हाइट यांनी पळण्याची आवृत्ती काढली. तिला रास्ट म्हणतात. पस्तीस मीटर, जीव तोडून, सहा वेळा. दोन धावांमध्ये फक्त दहा सेकंद. लागतं काय? वजनकाटा, टेप, दोन झेंड्या आणि घड्याळ.

हिशोब असा: वजन गुणिले अंतराचा वर्ग, भागिले वेळेचा घन. उत्तर वॅटमध्ये. पस्तीसचा वर्ग १२२५. समजा मुलाचं वजन ४५ किलो आणि पहिली धाव ५.५ सेकंदांत. उत्तर येतं ३३१ वॅट. सहावी धाव ६.५ सेकंदांत, तर २०१ वॅट.

आता तीन गमती बघा. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, कोणा खऱ्या पोराचे नाहीत.

पहिली, घड्याळाची. वेळेचा घन होतो, म्हणून छोटी चूकही फुगते. बटण दाबताना ०.२ सेकंद इकडे-तिकडे झाले आणि ५.५ चे ५.३ झाले, तर ३३१ चे थेट ३७० वॅट होतात. बारा टक्के ताकद नुसत्या अंगठ्याने वाढवली!

दुसरी, वजनाची. तेच ५.५ सेकंद ५५ किलोच्या मुलाने घेतले तर उत्तर ४०५ वॅट. वेग सेम टू सेम, आकडा मोठा. हा मुलगा 'जास्त पॉवरफुल' ठरला, पण बॉलपाशी दोघं एकाच वेळी पोहोचतील. म्हणून वॅटला वजनाने भागून बघायचं. दोघांचेही किलोमागे साधारण ७.४ वॅट येतात.

तिसरी, थकव्याची. सगळ्यात जास्त वॅटमधून सगळ्यात कमी वॅट वजा करायचे आणि सहाही धावांच्या एकूण वेळेने भागायचं. आपला ४५ किलोचा मुलगा सहा धावांना एकूण ३६ सेकंद घेतो, तर त्याचा आकडा साधारण ३.६. आता एक बारकं पोरगं घ्या, ३८ किलोचं. पहिली धाव ६.२, शेवटची ६.६, एकूण ३८.४ सेकंद. त्याचा आकडा ०.९ च्या आत. कमी आकडा म्हणजे कमी थकवा. मग हा भारी का? तसं नाही. लहान मुलांची झटक्याची ताकद किलोमागे मोजली तरी मोठ्यांपेक्षा कमी असते, आणि दोन धावांमध्ये ती मोठ्यांपेक्षा लवकर सावरतात. जो उंच चढलाच नाही तो खाली किती घसरणार? शिवाय कोणी पहिल्या धावेत हात राखून पळाला तरी त्याचा थकवा कमीच दिसेल. नुसता हा आकडा बघून 'स्टॅमिना चांगलाय' म्हणणं म्हणजे अर्धी वही वाचणं.

हॉलमध्ये पस्तीस मीटर बसतात का?

फुटसालवाल्यांसाठी अजून एक पेच. कोर्टच चाळीस मीटरचं. पस्तीस मीटर फुल स्पीडने पळून उरलेल्या जागेत थांबायचं, म्हणजे पोरगं भिंतीवर जाणार. आणि मॅचमध्ये कोणी सरळ पस्तीस मीटर पळतही नाही. म्हणून पुढे स्पेनमध्ये बार्बेरो-आल्वारेस यांनी खास फुटसालसाठी शटल चाचणी बनवली. पंधरा मीटरच्या तीन फेऱ्या, मध्ये छोटी विश्रांती, आणि वेग वाढवत न्यायचा, जमेल तिथपर्यंत. ती मुख्यतः तग धरण्याची चाचणी आहे, पण थांबणं आणि वळणं तिच्यात आलं.

आपल्या सरकारी चाचण्यांत काय आहे? २०१९ मध्ये फिट इंडिया सुरू झालं. शाळेतल्या मोठ्या मुलांच्या चाचण्यांत ५० मीटर आणि ६०० मीटर धाव आहे, पुश-अप आणि कर्ल-अप आहेत, लवचिकता आहे. ५० मीटरला वेग कळतो, ६०० ला दमसास. दहा सेकंद थांबून परत तेवढ्याच जोरात पळता येतं का, हे त्यात कुठेच कळत नाही. चाचणी वाईट आहे असं नाही. तिला विचारलेला प्रश्नच वेगळा आहे.

आणि आता १ जून

मराठवाड्यातल्या कोणाचंही फेसबुक १ जूनला उघडा. वाढदिवसांचा पूर. आजोबा, काका, सर, सरपंच, सगळे एकाच दिवशी जन्मलेले. कारण आपल्याला माहीत आहे. जन्म घरी झाला, नोंद नाही, शाळेत नाव घालताना गुरुजींनी जूनची पहिली तारीख टाकून दिली. आता दवाखान्यात जन्म आणि दाखले यामुळे हे खूप कमी झालंय. पण कागदावरची तारीख आणि शरीराचं वय यांच्यातली फट अजून आहे, आणि ती प्रत्येकातच आहे. ज्याचा जन्मदाखला शंभर टक्के खरा आहे त्याच्यातही.

कशी? मुलींची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती साधारण बाराव्या वर्षी, मुलांची चौदाव्या. पण हे 'साधारण' आहे. कोणाचं दोन वर्षं आधी, कोणाचं दोन वर्षं उशिरा. तेरा वर्षांच्या दोन मुलांत एक मिसरूड फुटलेला आणि एक अजून चौथीतला वाटणारा, हे प्रत्येक वर्गात असतं. अ‍ॅनेरोबिक ताकद नेमकी याच काळात उसळी मारते, कारण स्नायू वाढतात आणि हार्मोन बदलतात. म्हणजे चौदा वर्षांखालच्या निवडीत आपण रास्ट घेतली आणि वरचे दहा निवडले, तर आपण बऱ्याच अंशी काय निवडलं? लवकर मोठी झालेली पोरं. उशिरा वाढणारा चांगला खेळाडू त्या दिवशी घरी गेला, आणि बहुतेक परत आलाच नाही. याची नोंद कुठल्याच वहीत राहत नाही.

जगाने यावर दोन वाटा काढल्या. एक पोलिसी वाट: २००९ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपपासून फिफाने मनगटाचा एमआरआय सुरू केला, वय चोरणारे पकडायला. दुसरी समजूतदार वाट: इंग्लंडच्या फुटबॉल अकादम्यांनी गेल्या दहा-बारा वर्षांत काही स्पर्धा वयाऐवजी शरीराच्या वाढीनुसार गट पाडून घेऊन बघितल्या. बारकी पोरं बारक्यांत खेळली की त्यांचं डोकं आणि पाय दिसतात. आडदांड पोरं आडदांडांत गेली की नुसत्या धक्क्यावर भागत नाही, त्यांनाही खेळ शिकावा लागतो.

परभणीत काय करता येईल

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आपल्याला लोक चिडवायला वापरतात. पण हे काम परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड कुठेही बनू शकतं. एमआरआय लागत नाही.

भिंतीवर पेन्सिलने दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची उंची. सोबत वजन आणि तारीख. ज्याची रेघ अचानक वर पळायला लागली, त्याच्या वॅटमध्ये वाढ दिसली तर त्यातली किती वाढ सरावाची आणि किती निसर्गाची, याचा अंदाज येतो.

रास्ट बाहेर मैदानात घ्या. हॉलमध्येच घ्यायची असेल तर साडेसतरा मीटर जाऊन परत, पण मग वॅटचं सूत्र विसरा, नुसते सेकंद लिहा. वेळेसाठी फोनचा व्हिडिओ. साठ फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये एक फ्रेम म्हणजे जेमतेम ०.०२ सेकंद, अंगठ्यापेक्षा कितीतरी बरं. फोन दर वेळी त्याच जागी ठेवा, दोन्ही झेंड्या दिसतील असा.

मातीचं भान ठेवा. आपली काळी माती पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते आणि उन्हाळ्यात भेगा पडून दगडासारखी होते. जुलैचा आकडा आणि जानेवारीचा आकडा शेजारी-शेजारी ठेवू नका. मे महिन्यात दुपारी तर चाचणीच नको. सकाळी सात-आठच्या आत उरका. आधी नीट वॉर्म-अप, पाणी जवळ. ताप, दमा, छातीत दुखणं, चक्कर असं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळवायचं नाही.

आणि मुख्य म्हणजे वही मुलाच्या नावाने ठेवा, क्रमांकाने नको. अमक्याचा सप्टेंबरचा आकडा त्याच्याच डिसेंबरच्या आकड्याशी ताडायचा. सॉफ्टवेअरमध्ये आपण नवीन व्हर्जन जुन्या व्हर्जनशी ताडतो, त्याच मशीनवर. दोन वेगळ्या मशीनवरचे आकडे शेजारी ठेवून कोणी निर्णय घेत नाही. मग दोन वेगळ्या वाढीच्या पोरांचे का घ्यायचे? संघ निवडायचाच असेल तर मॅच खेळवा आणि बघा. कोण मोकळ्या जागेत जातंय, कोण बॉल गेल्यावर मागे फिरायलंय, हे कुठलाच वॅट सांगत नाही.

तुमच्या गावात, शाळेत अशी वही कोणी ठेवत असेल तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. मुलांची नावं नका सांगू, पद्धत सांगा. चांगल्या पद्धती आपण पुढच्या भागात ऐकवू. आणि एखादं बारकं पोरगं निवडीत राहून गेलं असेल, तर हा एपिसोड त्याच्या सरांना फॉरवर्ड करा. तोपर्यंत खेळत राहा, ऐकत राहा. भेटू पुढच्या रविवारी.